वीरच्या मागे कोण?

डब्लिन, ओहायो
रविवार, ४ जानेवारी २०२६

प्रिय सुलेखाताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? जिना चढू नका म्हणून सांगितलंय तरी ते गच्चीवर झाडांना पाणी घालायला जात असणार, माहितेय मला. इशिताच्या इंटरव्ह्यूचं काय झालं तेही कळव. इथे बर्फ आणि नुसतं बर्फ. परीक्षितने सकाळी ड्राइव्ह-वे साफ केला, आणि आता कंबर धरून सोफ्यावर पडलाय.

फोन सोडून एवढं लांबलचक ईमेल का, असं तुला वाटेल. अगं, फोनवर तू पहिल्या मिनिटाला म्हणतेस, "वीरला दे, मराठीत बोलू दे माझ्याशी." आणि ते मला सध्या नको आहे. का नको, ते लिहीनच, जरा धीर धर. हे एकटीनेच वाच. सवयीप्रमाणे सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, तुला माझी शपथ.

घरात सध्या एकच विषय आहे. वीरच्या कॉलेजच्या टीमने एक अनुभवी क्वार्टरबॅक घ्यावा का नाही? तू म्हणशील, हे काय नवीन खूळ. तर ऐक. इथला फुटबॉल हाताने खेळतात, आणि क्वार्टरबॅक म्हणजे त्या टीमचा कारभारी. बॉल त्याच्या हातात येतो, तो कुणाकडे टाकायचा हे त्यानेच ठरवायचं, आणि तो ठरवेपर्यंत समोरची रेड्यासारखी माणसं त्याला आडवं करायला धावत सुटतात. आपला वीर ऑक्टोबरपासून हे काम करतोय, कारण त्याच्या आधीच्या मुलाचा गुडघा मोडला. वीस वर्षांचं पोर. टीव्हीवर त्याचं आडनाव धड उच्चारता येत नाही कुणाला, पण घेतात तरी. परीक्षितची छाती फुगते. माझा श्वास अडकतो.

त्याच्या मागे, म्हणजे त्याला काही झालं तर उतरायला, आता फक्त अठरा वर्षांचा एक काडीपैलवान आहे. कोच त्याला मैदानात पाठवायला धजतच नाही. म्हणून कोच म्हणतो, कोडी नावाचा एक मुलगा मोकळा आहे, त्याला घेऊ. तीन कॉलेजं खेळून झालीत त्याची, वय चोवीस. त्याला व्हेटरन म्हणतात इथे! चोविसाव्या वर्षी परीक्षित नागपुरात आईला विचारून सिनेमाला जायचा.

पण कोच भला माणूस आहे. वीरला म्हणाला, "हा तुझा संघ आहे. तू पूर्ण फिट असशील आणि तुला तो नको असेल, तर त्याला द्यायचे पैसे मी दुसऱ्या खेळाडूवर लावतो. सोमवारी संध्याकाळी आई-बाबांसोबत व्हिडिओ कॉलवर सांग." म्हणजे उद्या.

वीर नको म्हणतोय. त्याच्या मते व्हेटरन आणणं म्हणजे माझ्यावर विश्वास नाही हे गावभर सांगणं. परीक्षितही त्याच्याच बाजूने. जेवताना मला समजावतो, "अगं, दोन मॅच हरला की लोक ओरडायला लागतील, कोडीला उतरवा म्हणून. डोक्यावर टांगती तलवार घेऊन कुणी खेळतं का?" मी म्हणते, घ्या त्याला. शिकेल वीर त्याच्याकडून. चार वर्षं जास्त खेळलाय, चार युक्त्या सांगेल. यावर बापलेक एकमेकांकडे बघून हसतात. मॉमला फुटबॉलमधलं काय कळतं! खरंच नाही कळत. अजूनही बॉल कुणाकडे गेला हे लोक उठून ओरडले की मगच मला समजतं.

पण मला कोडी शिकवायला नकोच आहे गं. मला तो हवाय म्हणजे वीरला बाहेर काढता येईल. मागे कुणी धड माणूसच नसेल तर पुढच्याला बाहेर कोण काढणार? तो पडला तरी त्याला उभा करतील, पाठीवर थाप मारतील आणि परत आत ढकलतील. त्या दिवशी तेच झालं.

कुठला दिवस, ते तुला ठाऊक आहे. नोव्हेंबरमधली शेवटची मॅच. तुला मी तो व्हिडिओ पाठवला ना, तो दिवस.

तू फक्त व्हिडिओ पाहिलास. त्याच्या आधीचं तुला सांगितलंच नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये वीर बॉल टाकायला हात वर करून उभा होता, आणि मागून एकाने येऊन त्याला असा आपटला की त्याचं डोकं जमिनीवर आदळून वर आलं. आम्ही इतके वर बसलो होतो तरी मला दिसलं. तो उठला. हात हलवला. ट्रेनरने, म्हणजे दुखापती बघणाऱ्या माणसाने, त्याला बाजूला घेऊन दोन-चार प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली, आणि पुन्हा आत गेला. मॅच जिंकली. परीक्षितने शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली.

नंतर पार्किंग लॉटमध्ये मी नेहमीसारखा गाडीची डिकी उघडून बटाटेवड्यांचा डबा मांडला. बाकीच्या मुलांचे आईवडील त्या वड्यांसाठी जमतातच. वीर आला. एरवी तो काय म्हणतो? "हे मॉम, आय ॲम स्टार्व्हिंग." त्या दिवशी तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, भूक लागली. आजी आली का गं?"

ताई, पंधरा वर्षं! किंडरगार्टनमध्ये गेला आणि त्याचं मराठी बंद झालं, तेव्हापासून मी मराठीत विचारतेय आणि तो इंग्लिशमध्ये उत्तर देतोय. मंडळाच्या रविवारच्या शाळेत घातला, लाच दिली, रागावले, रडले, सोडून दिलं. आणि त्या दिवशी इतकं गोड, अगदी लहानपणीचं मराठी. मी वेडी झाले आनंदाने. "परत बोल, परत बोल" म्हणत फोन काढला. त्याने पाय पुढे केला आणि म्हणाला, "बूट काढून दे ना." सगळे हसले. मी बर्फात गुडघ्यावर बसून त्याचे बूट काढले, एका हाताने व्हिडिओ घेत. तो तू पाहिलास. तूही रडलीस, मीही रडले, कारण त्याला तुझ्या-माझ्या आईची आठवण आली. तू साऱ्या नातेवाइकांना दाखवलास. आमचा वीर मराठी बोलायला लागला म्हणून इशिताने पेढे आणले.

आपली आई जाऊन बारा वर्षं झाली, हे त्या वेळी त्याला ठाऊकच नव्हतं. आणि ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही. कुठल्याही दुसऱ्या आईच्या शिरलं असतं. तिथे उभ्या असलेल्या एखाद्या अमेरिकन बाईला तो असं काही विचित्र बोलला असता, तर तिने जागच्या जागी डॉक्टरला हाक मारली असती. मी मात्र त्याला अजून थोडं बोल, अजून थोडं बोल म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मी कौतुकाने त्याला तो व्हिडिओ दाखवला. त्याला काहीच आठवत नव्हतं. पार्किंग लॉट नाही, वडे नाहीत, गाडीतून घरी आलेलं नाही. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तेव्हा मला कळलं. तो म्हणाला, "डिलीट इट, मॉम. प्लीज. कोचला कळलं तर मला बाहेर बसवतील." मी त्याच्यासमोर डिलीट केला. ट्रेनरला त्याने काही सांगितलं नाही. मीही नाही. सीझन संपलाय, आता आराम होईल, बरा होईल, अशी मनाची समजूत घातली.

तो सुट्टीला घरी आल्यापासून मी त्याच्यावर नजर ठेवून असते. खोलीचे पडदे लावून झोपतो. मिक्सर सुरू केला की उठून जातो. जिना उतरताना कठड्याला धरतो, मी दिसले की हात सोडतो. एकच गोष्ट दोनदा विचारतो, आणि मी दोन्ही वेळा पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर देते, मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहते. परीक्षितला मी सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला थकवा असेल. मग म्हणाला, "तू बोललीस तर पोरगा आयुष्यभर आपलं तोंड बघणार नाही." भित्रा तोही आहे, पण तो एका गोष्टीला भितो आणि मी दुसरीला.

आणि उद्या कोच त्याला विचारणार, पूर्ण फिट आहेस ना? तो हो म्हणणार. मग कोडी येणार नाही. पुढच्या सीझनला पुन्हा तोच आणि त्याच्या मागे तो काडीपैलवान. कुणी बाहेर काढणार नाही ताई त्याला, पुन्हा आपटला तरी. पुढच्या वेळी तो मला कुठल्याच भाषेत ओळखणार नाही, असलं काहीतरी भलतंसलतं मनात येतं.

आता चार वाजलेत. तो वर खोलीत आहे. मी त्याला सांगायला जातेय की उद्या कोचला मी सांगणार. त्याच्या नकळत नाही सांगणार, एवढं तरी करते. लिहून मनाची तयारी होईल वाटलं होतं. झाली नाही. तरी जाते.

मंगळवार

ताई, परवाचं तसंच राहिलं होतं, पाठवलं नाही. पुढचं लिहून मग पाठवते.

वर गेले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी पलंगावर बसले आणि सांगून टाकलं. तो चिडेल, दार आपटेल, इंग्लिशमध्ये वाद घालेल, याची मी तयारी केली होती. तो उठून बसला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आई, नको ना सांगू. मला खेळायचंय."

मराठीत.

मी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, डोळ्यांत बघितलं, आणि मी, जिने याच्याशी कधी इंग्लिशमध्ये बोलायचं नाही असं ठरवलं होतं, ती मी त्याला इंग्लिशमध्ये विचारायला लागले, आज वार कोणता, तू कुठे आहेस, हे घर कुठल्या गावात आहे, आजी कुठे आहे. घाबरून ओरडतच होते बहुतेक. त्याने सगळी उत्तरं बरोबर दिली, एकेक करून. शेवटचं देताना त्याचा आवाज अगदी खाली गेला. मग म्हणाला, "मॉम, आय ॲम नॉट कन्फ्यूज्ड. मला वाटलं, मराठीत मागितलं तर तू नाही म्हणणार नाहीस."

बरोबर ओळखलं होतं त्याने मला. पंधरा वर्षं मी त्या एका हाकेवर काहीही दिलं असतं.

काल संध्याकाळी कॉल झाला. कोचने विचारलं, "हंड्रेड परसेंट?" वीर म्हणाला, "हंड्रेड परसेंट." परीक्षित टेबलाकडे बघत होता. मी म्हणाले, नाही. इतकी वर्षं इथे काढली, पण इंग्लिश असं तुटक-तुटक बाहेर पडलं की माझंच मला हसू आलं असतं, दुसरी वेळ असती तर. त्या दिवशी तो कसा आपटला तिथपासून महिन्याभराचं सगळं मी सांगितलं, व्हिडिओसकट. कोचने टोपी काढून बाजूला ठेवली. मग वीरला म्हणाला की डॉक्टरचं पत्र येईपर्यंत बॉलला हात लावायचा नाही, आणि कोडीला तो आजच फोन करतोय. वीरच्या मागे नाही, सध्यातरी वीरच्या जागी.

वीरने लॅपटॉप मिटला आणि वर गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. आज सकाळी पोहे ठेवले तर "थँक्स" म्हणाला, माझ्याकडे न बघता. परीक्षितने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोही बोलत नाहीये, पण हात ठेवला.

गुरुवारी मेंदूच्या डॉक्टरकडे जायचंय. काय सांगतील माहीत नाही. एक सीझन बाहेर बस म्हणतील, की कायमचं. की असं काही, जे मला लिहायलाही भीती वाटते. वीर पुन्हा खेळावा असं मला वाटतं का, हे मला विचारू नकोस.

गुरुवारनंतर फोन कर. त्याला दे म्हणालीस तर देईन, तो घेईल की नाही ते त्याचं तो बघेल. पण ताई, त्याला मराठीत बोल म्हणू नकोस. तू तुझ्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्येच विचार. तो "आई" म्हणाला की आता मी आधी त्याचे डोळे बघते, आणि ते त्याला कळतं.

शुद्धीत असताना, विचार करून, त्याने मला मराठीत एकच गोष्ट मागितली, आणि मी नाही म्हणाले.

तुझी,
हिमानी