तिला काय दिसलं, हे मी विचारलं नाही

सर, आज सकाळच्या एसटीनं मैंदर्गीला गेले होते. दुपारी परत आले आणि साडीसुद्धा न बदलता लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला काही लिहावं असं कधी वाटलं नाही. सांगण्यासारखं होतं ते सगळं चांगलं होतं, आणि चांगलं ऐकायला माणसं मिळतात. आता जे झालंय ते मला कुणापुढं ठेवता येत नाही. मैदानावर जाते. शिट्टी ओठात धरते आणि फुंकायचं बळच येत नाही. मुली आपापल्या चौकोनात बसून माझ्याकडं बघत राहतात, मग मीच म्हणते, जा, आज सुट्टी. या महिन्यात चार वेळा असं झालं.

आमच्या शाळेच्या मुली यंदा खो-खोत जिल्ह्यात पहिल्या आल्या. अंतिम सामना अकलूजला होता. संघात मंद्रूपची एक मुलगी आहे, सोळा वर्षांची, बाप टेम्पो चालवतो. रोज पहाटेची गाडी पकडून सरावाला यायची. खांबापाशी तिनं सूर मारला की समोरची सुटायची नाही. तुम्ही बघितलं असतंत तर बाकावरून उठला असता. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, गुडघा लई दुखतोय. वळताना आत सटकल्यावाणी हुतंय." मी स्प्रे मारला, पट्टी बांधली आणि म्हटलं, अंतिम सामन्याच्या आधी सगळ्यांनाच काही ना काही दुखतं. दुसऱ्या दिवशी पहिला डाव संपला तेव्हा माझ्या हाताखाली शिकणारी मैंदर्गीची मुलगी जवळ आली. दोन वर्षं ती माझी मदतनीस होती. ती हळूच म्हणाली, बाई, तिला बसवू या, ती उजवीकडं वळतच नाहीये. सर, सगळ्या मुली पाणी पीत शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मी तिला म्हटलं, "तू अजून शिकतेयस. शिकणाऱ्यानं नुसतं बघायचं असतं." तिनं मान खाली घातली आणि पाण्याच्या बाटल्या गोळा करायला लागली.

आम्ही जिंकलो. शेवटची धावपटू मंद्रूपच्या मुलीनंच खांबाजवळ सूर मारून बाद केली. मुली नाचत होत्या आणि ती खांबाला धरून खालीच बसली होती. मला वाटलं, आनंदानं रडतेय. मी तिला म्हटलं, ऊठ, फोटो काढायचाय. आणि ती उठली. फोटोत पुढच्या रांगेत आहे, दोन्ही हातांनी गुडघा धरून. तो फोटो पेपरात आला, मुख्याध्यापकांनी कापून ऑफिसात लावला.

गुडघ्यातला लिगामेंट पुरता तुटला होता. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशीच थांबवलं असतं तर कदाचित पट्टी आणि विश्रांतीवर भागलं असतं. ऑपरेशन झालं. चालेल ती, जिने चढेल, पण झटक्यात वळणं आता विसरा, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. खो-खोत झटक्यात वळणं सोडलं तर उरतं काय, सर? मी आत गेले. तिच्या आईनं उठून मला खुर्ची दिली. मुलगी रागावली नव्हती, तेच सहन होत नाही. नुसतं एवढंच म्हणाली, "बाई, मी तुमाला सांगितलं व्हतं की." मी म्हटलं, अगं, त्या गडबडीत माझं लक्ष नव्हतं. तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. लक्ष होतं, सर. शब्दन् शब्द ऐकला होता. ती बसली तर आपण हरतो, हा हिशेब मी स्प्रेचं टोपण काढता काढता केला होता.

मदतनीस मुलगी पुढच्याच आठवड्यात गेली. साहित्याच्या खोलीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, नमस्कार केला, कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तेव्हापासून तुमचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. मला नवी नोकरी लागलेली, प्रशिक्षणाचा कागद हातात, आणि तुमच्या मैदानावर पहिल्याच दिवशी मी तुमच्याच मुलींच्या चुका काढायला लागले. तुम्ही सगळ्यांपुढं काही बोलला नाहीत. सराव संपल्यावर घरी नेलंत. काकू भाकरी थापत होत्या. तुम्ही त्यांच्या सुपातल्या आठ शेंगा उचलून फरशीवर ओळीनं मांडल्या, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, आणि म्हणालात, "कागद आणलास, चांगलं केलंस. आता महिनाभर तोंड बंद. नुसते पाय बघ." तुमच्या तोंडात कानडी सहज यायची, नोडु, नोडु, म्हणजे बघ, बघ, म्हणत तुम्ही शेंगा पुढं-मागं सरकवत होतात, आणि काकू म्हणत होत्या की खेळ आटपा, मला चटणी कुटायचीय. मला अपमान वाटला होता. तरी महिनाभर मी बाकावर बसून पाय बघितले.

महिना संपला त्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत, काय दिसलं? मी चाचरत सांगितलं की तिसऱ्या चौकोनातली मुलगी उठताना नेहमी डावा पाय आधी टाकते, म्हणून एका बाजूला अर्धं पाऊल उशीर होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिची जागा बदललीत आणि सगळ्या मुलींना सांगितलंत, हे मला दिसलं नव्हतं, हिनं बघितलं. तुमचे केस तेव्हा पिकलेले होते, सर, आणि मी बावीस वर्षांची होते. त्या दिवशी मी शिक्षिका झाले.

मी तुमच्याकडून अर्धंच घेतलं. तोंड बंद ठेवायला लावणं तेवढं घेतलं, विचारायचं विसरले. ती पोरगी दोन वर्षं बघत होती. काय दिसलं, हे मी तिला एकदाही विचारलं नाही.

म्हणून आज गेले. ती आता गावातल्याच शाळेत मुलांना शिकवते. तिची आई माझ्याशी कानडीत काहीतरी बोलली, मला कळलं नाही, पण पाण्याचा तांब्या पुढं केला. मी बसले आणि विचारलं, दोन वर्षांत तुला काय दिसलं? ती म्हणाली, "आता विचारताय, बाई?" पण तिनं सांगितलं. मुली दुखणं तुमच्यापासून लपवायच्या, बाई, आणि माझ्याकडं यायच्या. पाळीच्या दिवसांतसुद्धा तुम्हाला कळू नये म्हणून जास्तच जोरात पळायच्या. मंद्रूपची मुलगी दिवाळीपासून शाळेचा जिना एकेक पायरी धरून उतरत होती. हे सगळं ती शांतपणे सांगत होती, जसं मी एकदा तुम्हाला सांगितलं होतं तसं. मी परत येतेस का म्हणून विचारलं. ती नाही म्हणाली. "आणखी एक वर्ष राहिले असते तर मीही बोलायची बंद झाले असते. म्हणून आले."

ती दर रविवारी मंद्रूपला जाते, त्या मुलीकडून पायाचे व्यायाम करून घेते. मी म्हटलं, पुढच्या रविवारी मीही येऊ का? ती म्हणाली, सध्या नको, बाई. असं त्या मुलीनंच सांगितलंय.

परतीच्या गाडीत माझ्या शेजारी कुणी बसलं नव्हतं, हे बरं झालं. मी काय करू, सर? राजीनामा लिहिलाय, पर्समध्ये आहे. तो दिला तर सुटका माझीच होईल, तिचा गुडघा तसाच राहील. आणि नाही दिला तर उद्या सकाळी पुन्हा मुली चौकोनात बसून माझ्याकडं बघतील. तुम्ही असतात तर काहीतरी कठोर बोलला असतात. ते ऐकायला मी कुठंही आले असते. हा कागद पाठवायला पत्ता नाही, घरात ठेवायचीही भीती वाटते.

एक सांगते आणि थांबते. पुढच्या आठवड्यात नव्या प्रशिक्षकांचं शिबिर आहे आणि संघ जिंकला म्हणून त्यांना शिकवायला मला बोलावलंय. मी अजून नाही म्हणून कळवलेलं नाही. परवा त्यांची पत्रिका आली. त्यात माझं नाव ठळक अक्षरात छापलंय. ते बघून मला क्षणभर बरं वाटलं, सर. मी ते दोनदा वाचलं.