तिनं हात पुढं केला होता का

माय, शाळेच्या फाटकाच्या आत तुला ‘बाई’ म्हणायचं आणि बाहेर ‘माय’, हा नियम तू घालून दिला होतास. विचारायचं आहे ते फाटकाच्या आतलं. पण बाई म्हणून विचारलं तर तू बाईसारखंच उत्तर देशील, म्हणून माय. निजामाचं राज्य होतं तेव्हाची, आपल्या जालन्याच्या मुलींच्या शाळेतली गोष्ट आहे. बाबा गेल्यावर तुला तिथं कवायतीच्या बाईची नोकरी मिळाली, आणि शाळेच्या गोऱ्या मॅडमकडून शिकलेला बेसबॉल तू आम्हाला शिकवायला लागलीस. वाळूनं भरलेली चार पोती म्हणजे चार ठाणी. चेंडू टोलवायचा, एकेका ठाण्यावरून पळत घरच्या ठाण्याला यायचं. पळणारीला चेंडूनं शिवलं की ती बाद. एवढं सगळ्यांना कळायचं. कळत नव्हतं ते वाट सोडण्याचं. ते तू मला चुलीपुढं समजावलंस. काठवटीतल्या पिठात बोटानं रेघ ओढलीस आणि म्हणालीस, “मैदानावरच्या फक्कीच्या रेघेकडं बघू नको. चेंडूवालीनं शिवायला हात पुढं केला, का तिथून ठाण्यापस्तोर सरळ वाट धरायची. ह्या अंगाला दोन हात, त्या अंगाला दोन हात. चुकवायला त्याच्या भायेर गेली, का बाद.” मी विचारलं, “आन् हात पुढं केलाच न्हाई तर?” तू रेघ पुसून टाकलीस. “मंग वाटच न्हाई. कुठूनबी जा.”

आमचा वर्ग आणि वरचा वर्ग यांचा सामना ठरला, पंच तूच. जिंकणाऱ्या मुली औरंगाबादच्या शाळेशी खेळायला जाणार होत्या. सामन्याच्या दिवशी सकाळी तहसीलदारांचा चपराशी आपल्या दारात मोसंब्यांची टोपली ठेवून गेला. आपल्याकडं कुणाकडून सहसा काही येत नसे. आलं तरी तू परत पाठवायचीस. ही टोपली मात्र तू आत घेतलीस, वर फडकं टाकलंस, आणि मी विचारलं तर म्हणालीस, “तुझं काम न्हाई ते.” तहसीलदारांची मुलगी वरच्या वर्गात होती. तेव्हापासून मी तुझ्याकडं तिरक्या नजरेनं बघायला लागले. इकडं पोरींचं वेगळंच चाललेलं: “बाईची पोरगी ती, तिला कोण बाद देतंय?” हे तुझ्याही कानावर होतं, मला माहीत आहे.

दोन्ही वर्ग बरोबरीत होते. मी तिसऱ्या ठाण्यावर. आमच्या मुलीनं चेंडू टोलवला आणि मी पदर खोचून सुटले. वाटेत तहसीलदारांची मुलगी उभी, चेंडू तिच्याकडं पोचलेला. मी तिला चांगला लांबून वळसा घातला आणि घरचं ठाणं गाठलं. आमच्या पोरींनी एकच गिल्ला केला. तेवढ्यात तुझा आवाज आला, “बाद! वाट सोडली.” मी सगळ्यांसमोर ओरडले, “माय, तिनं हात पुढं केलाच न्हाई!” तू माझ्याकडं बघितलंससुद्धा नाहीस. “बाई म्हण. आन् मैदानाच्या भायेर हो.”

घरी तू ताटात भाकरी वाढलीस. मी ताट सरकवून विचारलं, “मोसंब्यांपायी का?” तव्यावरचा तुझा हात थांबला. “खा मुकाट्यानं,” एवढंच म्हणालीस. वरचा वर्ग औरंगाबादला जाऊन आला. पुढं राज्य बदललं, तहसीलदारांचं घर हैदराबादला गेलं, तूही तापानं गेलीस. मी शाळेत मास्तरीण झाले, तरी संशय सुटला नाही. कधी वाटायचं, तू तहसीलदारांना भिऊन बाद दिलंस. कधी वाटायचं, पोरींची तोंडं बंद करायला पोटच्या पोरीचा बळी दिलास. तुला खरंच तसं दिसलं असेल, हे मात्र मनात कधी टिकलं नाही.

परवा तीच मुलगी घरी आली. आता आजी झालीय. भाच्याच्या लग्नाला आलेली, शाळेत विचारत विचारत माझ्यापर्यंत पोचली. मी सामन्याचा विषय काढला तर हसली, “कौनसा खेळ? मला बिलकुल याद न्हाई.” मग तिनं तुझं विचारलं. तू कशी गेलीस, शेवटी अंगणातसुद्धा कशी येऊ शकत नव्हतीस, ते मी सांगितलं. ती डोळे पुसत म्हणाली, “अब्बा मला मैदानात जाऊ देत नव्हते. तुमच्या अम्मी आमच्या घरी येऊन बसल्या, माझ्या अम्मीला समजावलं. मोसंब्या अम्मीनं भेजल्या होत्या. अब्बांना त्याची खबरच न्हाई.” हे मला तिथल्या तिथं पटलं. मला तू तेव्हा का सांगितलं नाहीस? पण लगेच तिनं माझा हात धरला. “आन् त्यांनी बराबर बाद दिलं. माझा हात पुढं होता. तुमची वेणी माझ्या बोटांना लागली.”

चहा व्हायच्या आधी जिला खेळसुद्धा आठवत नव्हता, तिला चहानंतर वेणी आठवली. माझ्या डोळ्यांपुढं तर आजही तिचे दोन्ही हात चेंडूसकट छातीशी घट्ट आहेत. मी तिला म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. मनावरचं ओझं गेलं.” ती समाधानानं रिक्षात बसली. हा कागद कुठं पाठवायचा नाही, तेव्हा तुझ्यापाशी लपवत नाही: तिला मी खोटं सांगितलं, माय.