हिमनदीवरचं कुंकू

आई, घाटकोपरच्या आपल्या खोलीत तू बाबांच्या हिमनदीला कुंकू लावलंस, तो रविवार आज सकाळपासून डोळ्यांपुढे आहे. बाबा म्युझियममध्ये पक्ष्यांच्या पेट्या पुसायचे. ध्रुवाकडची हिमनदी कशी वाहते हे दाखवणारं मॉडेल करायचं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालेलं, आणि साहेबांना ते पसंत पडलं नाही तर पुन्हा फडकं हातात. स्टोव्हपाशी उतरती लाकडी पन्हळ मांडलेली, तीत रेशनच्या पिठाची, तूच शिजवून दिलेली घट्ट खळ. ती सरकत होती, पण इतकी हळू आणि इतकी पांढरीफटक, की सरकतेय हे कळतच नव्हतं. बाबा अगदी रडकुंडीला आलेले. तू देवपूजा आटोपलीस आणि जाता जाता ओल्या कुंकवाचं बोट या काठापासून त्या काठापर्यंत सरळ ओढलंस.

"अगं, वाट लावलीस," बाबा म्हणाले. "उद्या साहेबांना काय दाखवू? हळदीकुंकू?"

"नदी म्हणालात ना तुम्ही? मग नदीला कुंकू नको?" एवढं बोलून तू भाकऱ्या थापायला बसलीस. तुझे डोळे भरलेले मी पाहिले.

जेवणं होईतो ती रेघ वाकली होती. मधोमध पुढे गेलेली, दोन्ही काठांना मागे रेंगाळलेली. बाबा ताट सारून गुडघ्यांवर बसतात, बघतच राहतात. मग तुझ्याकडे न बघता करंडा पुढे करतात. "अजून एक ओढ." चुकलो म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण त्यांचा तो आवाज मला फार आवडला.

मॉडेल काचेत बसलं. खळ बदलायची असली की बाबा तुझ्याकडून कुंकवाची पुडी नेत. ते गेले तेव्हा शेजारच्या बायकांनी तुझं कुंकू पुसलं, करंडा तू स्वतःच वरच्या फळीवर ठेवलास. पुढे म्युझियमचा शिपाई पुडी मागायला आला, तेव्हा करंडा खाली काढलास, पुडी बांधून दिलीस, आणि बोटाला लागलेलं कुंकू दिवसभर धुतलं नाहीस. मी काही विचारलं नाही. विचारायचं वय नव्हतं माझं.

गेल्या महिन्यात माझे हे गेले, आई. आज तुझा करंडा उघडला. लोक काय म्हणतील याची भीती नाही वाटली, तुला विचारावंसं मात्र फार वाटलं, म्हणून लिहायला बसले. हे पाठवायचं कुठे, ते ठाऊक नाही. आणि खरं सांगू? विचारायच्या आधीच मी लावलंय.