पाय तुझा, बैठक आमची

प्रिय नितीन,

काल आपली ऋतुजा फोनवर म्हणाली, "पप्पांनी पाय चूज केला, मला नाही." पोरगी तुझ्यावर रागावली आहे, तेही आमच्या खोटेपणामुळे. म्हणून लिहायला बसले, नाहीतर कुणाचं तरी डोकं फोडलं असतं.

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला तुझे थोरले भाऊ माइक धरून काय म्हणाले, ठाऊक आहे? "ऑपरेशनला नितीनच तयार नव्हता." अरे, तुला विचारलं होतं कुणी?

साखरेनं तुझं पाऊल सडलं होतं. आजच गुडघ्याखाली पाय काढला तर वाचण्याची आशा आहे, असं डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं. पण तुमच्या घरात भाऊजींना विचारल्याशिवाय पडदेसुद्धा बदलत नाहीत! ओमानहून नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. सोफ्यावरून हुकूम सुटला, "नितीनला काही बोलू नका, हाय खाईल तो. मी इथल्या डॉक्टरला विचारतो. दोन दिवस थांबा." मागून तुझी ताई, "पोरीचं लग्न व्हायचंय अजून. बाप लंगडा दिसेल मांडवात!" काय पण अक्कल! आता दिसायला बापच उरला नाही.

डॉक्टरीणबाई ओमानी, पण हिंदी छान बोलायच्या. "पेशंट होश में है, मैं उसी से पूछूँगी," म्हणाल्या. आणि मी, एम.एस्सी. झालेली बाई, तुझ्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिले. "हमारे में ऐसा नहीं बोलते, डॉक्टर." थू माझ्यावर!

तू आतून विचारलंस, "काय म्हणते गं ती?"

"काही नाही, ड्रेसिंग बदलायचंय."

तुला ते खरं वाटलं.

आणि तू सोहारच्या कारखान्यातला सेफ्टी इंजिनिअर! टाकीत उतरणाऱ्या कामगाराला धोका त्याच्या भाषेत समजावायचास, त्याचीच सही घ्यायचास. मालक, तो अर्बाब, "यल्ला, यल्ला" करत घाईसाठी ओरडत राहायचा, तू ढिम्म. "जीव त्याचा, मग सही दुसऱ्याची कशी चालेल?" हे तूच मला जेवताना सांगितलं होतंस. मी ऐकलं आणि तुला आमटी वाढली.

तिसऱ्या दिवशी भाऊजींचा होकार आला. तोवर विष रक्तात भिनलं होतं, तू शुद्धीवर नव्हतास.

तू हो म्हणाला असतास की नाही? मला कधीच कळणार नाही. पण शुक्रवारी ऋतुजा येतेय. भाऊजी चिडोत, नातं तुटो, पोरगी माझं तोंड न बघो. तिला सांगेन, हे माझं तुला वचन: "पप्पांना कुणी विचारलंच नाही, आणि विचारायला निघालेल्या डॉक्टरीणबाईंना तुझ्या आईनं अडवलं."

तुझी,
सुजाता