डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा बंपर

प्रिय बारक्या,

बारा दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. नको उचलूस. पत्र निदान मध्येच बंद करता येत नाही. आणि तुला सहा फूट उंची आली, त्याला शोभेलसं पोटही आलं, तरी मी तुला बारक्याच म्हणणार. काचेच्या दारावर लिहिलेलं मोठं नाव तुझ्या गिऱ्हाइकांसाठी ठेव. मी अजून चिडलेलीच आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुठे आवाज खाली आला तर तुझा गैरसमज व्हायला नको.

पहिल्यापासून सांगते, कारण फोनवर मी इतकी तडतडत होते की नेमकं काय झालं ते तुला कळलंही नसेल. दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांची पांढरी गाडी घेऊन गॅरेजात आल्या. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी ती जुनी घेतली. गतिरोधकावर घासून पुढचा बंपर एका बाजूने लोंबत होता आणि त्यांच्या जुळ्या मुली शाळेच्या दारात त्या गाडीतून उतरायला तयार नव्हत्या. त्या म्हणाल्या, चांगलासा बंपर तुम्हीच निवडा, मला त्यातलं काही कळत नाही. बंपरच्या तोंडातून तो भला थोरला इंटरकूलर दिसत होता. बाई त्याला एसीचा भाग समजत होत्या. टर्बोतून आलेली तापलेली हवा इंजिनात जायच्या आधी तो थंड करतो आणि कंपनीने दिलेला एवढा मोठा नसतो, हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, विकणारा फक्त गाडी मस्त पळते एवढंच बोलला होता. लोंबणाऱ्या बंपरच्या आतल्या बाजूला तुझ्या दुकानाचा गोल स्टिकर होता. खोटं कशाला बोलू, तो बघून मला बरं वाटलं. म्हटलं, घरच्याच माणसाचं काम आहे.

मग मी बंपर शोधायला लागले. तुला माहीत आहे मी किती किचकट आहे ते. आधी इंटरकूलरच्या मापाचा पुठ्ठा कापला, आई ब्लाउज बेतते तसा, आणि तो काखेत मारून दुकानं पालथी घातली. कंपनीचा मूळ बंपर नीट बसला असता, पण त्याचं तोंड एवढंसं. इंटरकूलरचा खालचा अर्धा भाग प्लास्टिकच्या मागे गुदमरला असता, आणि धुक्यातल्या दिव्याची खोबण थेट पायपावर येत होती. दुसरा फायबरचा, मोठ्या जबड्याचा, तू पोरांना विकतोस तसला. विकणारा छातीठोकपणे म्हणाला, बसतो हो मॅडम, डोळे झाकून न्या. मी डोळे उघडे ठेवून पुठ्ठा लावला तर त्याची भोकं अर्ध्या बोटाने सरकलेली, म्हणजे पुन्हा स्क्रू ठोकून टांगायचा आणि पुढच्या गतिरोधकाला लोंबवायचा. तिसरा याच गाडीच्या महागड्या प्रकारावर येतो तो. रुंद तोंड, कंपनीच्याच क्लिपा, वजनाला हलका. एवढंच की इंटरकूलर दोन बोटं खाली घ्यायला लागणार होता आणि त्याला धरून ठेवणारे पाय नव्याने करायला लागणार होते. मी तो घेतला. इंटरकूलरसाठी बंपर निवडायचा म्हणजे गाडीचं रूप शेवटी बघायचं असतं. आधी हवा, मग जागा, मग पकड.

जुना बंपर उतरवला आणि माझं डोकंच फिरलं. मागे जो आडवा लोखंडी बीम असतो, जो धडकेचा सगळा मार झेलतो, तो मधोमध कापलेला. सहा बोटं उंच असायला हवा तिथे दोन बोटं शिल्लक, आणि वरून काळा रंग फासलेला. गाडी कशावर आदळली तर बंपरचं प्लास्टिक काय कपाळ अडवणार? त्या गाडीत सहा महिने दोन मुली शाळेत जात होत्या. मी तशाच ग्रीसच्या हाताने तुला फोन लावला. माणसं मारायचा धंदा उघडलायस का, असं विचारलं. दाराला काच लावली म्हणून काम चोख होत नाही म्हणाले. बाबांचं नाव घेऊन तुझ्या तोंडावर थुंकावंसं वाटतं, असंही म्हणाले. तुझे हात रंगात होते म्हणून फोन स्पीकरवर होता, हे मला कळलं ते मागून तुझ्या रंगाऱ्याने, मॅडम, जरा हळू, असं म्हटल्यावर. मी हळू बोलले नाही. उलट, ऐकू दे सगळ्यांना, म्हणाले. आणि तू काय बोललास? बरं ताई. बीम मी पाठवतो. बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदात गुंडाळलेला नवाकोरा बीम दारात हजर, सोबत एक ओळसुद्धा नाही. मी म्हटलं, बघा, गुन्हा कबूल.

आईने शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता विचारलं, तो काय म्हणाला? मी सांगितलं, बरं ताई, एवढंच. आई म्हणाली, मग ते काम त्याचं नाही. स्वतःचं असतं तर तो तुझ्याशी तासभर भांडला असता. मी तिलाही झापलं. तुला काय कळतं गाड्यांमधलं, असं म्हणाले. त्यावर ती नुसती दोरा ओवत बसली.

नवा बीम बसवायला मी हेडलाइट काढला. आतल्या पत्र्यावर रंग निळा होता. बाहेरून पांढरी आणि आतून निळी. तो निळा मला ओळखायला वेळ लागला नाही, कारण एका बंपरसाठी तो मीच तीनदा मिसळून जमवला होता. तरी मन मानेना. कापलेला बीम बाहेर काढला, थिनरच्या बोळ्याने पुसला. काळ्याखाली आपल्या गॅरेजचा राखाडी प्रायमर निघाला, आणि कापाच्या दोन्ही टोकांना एकेक गोल भोक. चीर पुढे पळू नये म्हणून आधी भोक पाडायचं आणि मग कापायचं, ही खोड माझी. तुला तेवढा धीर कधीच नव्हता. मी तो बीम मांडीवर घेऊन जमिनीवरच बसले, आणि मला माझाच इतका राग आला की रडूही येईना.

आठ वर्षं झाली त्याला. बाबांनी नुकतंच गॅरेज माझ्या हातात दिलं होतं आणि अख्खी गल्ली मी कधी शटर ओढते याची वाट बघत होती. मोठा इंटरकूलर घेऊन आलेलं ते माझं पहिलं गिऱ्हाईक. मी बंपर निवडला, गाडीच्या निळ्याशी जुळवून रंगवला, गिऱ्हाइकाला तारीख दिली. आणि मापं घेताना इंटरकूलरची नुसती मधली जाळी मोजली. दोन्ही कडांच्या टाक्या आणि पायपांची वळणं धरून मोजायचं असतं, हे मला बसवायला घेतल्यावर कळलं. वळणं बीमवर अडकली. गिऱ्हाईक समोर खुर्चीत पाय हलवत बसलेलं, सोबत दोन मित्र, फोटो काढायला आलेले. माझं माप चुकलं, आठवडाभर थांबा, एवढी दोन वाक्यं बोलायची होती. ती माझ्या तोंडून निघाली नाहीत. तू तेव्हा माझ्याच हाताखाली होतास, तुला मी काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलं आणि बीम कापला. पुठ्ठा कापायची सवय मला त्यानंतर लागली. पुन्हा कुणाचाही बीम मी कापला नाही, पण ती एक गाडी परत बोलवायचं धाडस मला आठ वर्षांत झालं नाही.

आता तुझी पाळी. बाईंकडच्या जुन्या बिलांवरून कळलं, चार वर्षांपूर्वी त्याच माणसाने गाडी पांढरी करून घेतली आणि नव्या बंपरसाठी तुझ्याकडे आणली. तू जुना उतरवलास, ती भोकं बघितलीस आणि ओळखलंस. मग फोन करायला काय झालं होतं रे? ताईची लाज जाईल म्हणून तू वरून नवा बंपर चढवलास आणि गाडी सोडून दिलीस? माझी लाज राखायला त्या गाडीत बसणाऱ्यांची हाडं पणाला लावायचा अधिकार तुला कुणी दिला? आणि बारा दिवसांपूर्वी, मी तुला नको नको ते बोलत होते तेव्हा, ताई, तो काप तुझा आहे, एवढं एक वाक्य तुझ्या तोंडून निघू नये? एवढा कसला मोठेपणा तो! तू भांडला असतास तर मी तुला ते शब्द बोललेच नसते. हा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, आणि तू समोर आलास की मी तुला याबद्दल पुन्हा बोलणार आहे.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. कापलेला बीम त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, कीड तशीच ठेवून वर कॅप बसवली, तर आमच्यात याला गुन्हा म्हणतात. मी म्हटलं, आमच्यातही. त्या हसल्या नाहीत. मूळ बीम याच गॅरेजात कापला गेला, असं लिहून द्या आणि सही करा, म्हणाल्या. मी दिलं. परवा गाडी नेली. पुढे त्या माझ्याकडे येतील की नाही, ठाऊक नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. बारक्या, हे पत्र तुझ्या हातात नाहीये. पाकिटावर मी तुझ्या रंगाऱ्याचं नाव घातलंय आणि सोबतच्या चिठ्ठीत त्याला विनवलंय की दुपारच्या चहाला सगळे जमले की पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचा, मालक हातातून ओढून घेईल, देऊ नका. मी ओरडले तेव्हा ज्यांनी ज्यांनी ऐकलं, तेच आत्ता ऐकतायत. तर ऐका मंडळी. त्या दिवशी मी तुमच्या मालकाला जे जे बोलले, त्यातलं बीम कापण्याबद्दलचं एकूण एक मलाच लागू होतं. तो बीम मी कापला, माझ्या हाताने, घाबरून. तुमच्या मालकाने त्याला करवत लावली नाही, आणि शिव्या मात्र त्याने खाल्ल्या, तुमच्या देखत, माझं नाव न घेता. त्याची मी माफी मागते. बारक्या, खाली बघू नकोस, तुझी माणसं तुझ्याकडे बघतायत.

तुझ्यावर अजूनही चिडलेली,
तुझीच,
ताई