ही कळ जाऊ दे

बिरवाडी,
२० एप्रिल १९८६

ती. सुंदराताईस,
मंजुळाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्राला उशीर केला, कारण तू रागावणार हे ठाऊक होतं. म्हणून आधी बरी बातमी. सातवा लागला, पायांना सूज नाही, बालवाडीत शिकवायला अजून जाते. यांची कारखान्यातली पाळी बदलली, तेवढीच काय ती कुरकुर.

आता मुद्द्याचं. या खेपेला मी गुंगीची सुई घेणार नाही. परवा संघमित्रा विचारत होती, मी आले तेव्हा आधी रडले की आधी डोळे उघडले? मला सांगता येईना. मुंबईत सुई दिल्यावर पुढचं काहीच आठवत नाही. जाग आली तेव्हा पोर दुपट्यात गुंडाळून शेजारी ठेवलेली. आयाने जे सांगितलं तेच मी तिला सांगितलं. माझ्याच बाळंतपणाची हकीकत मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची, हे मला सहा वर्षं सलतंय.

सासूबाईंना वाटलं मला वेड लागलं. त्यांची सगळी बाळंतपणं उमरठला घरातच झाली. म्हणाल्या, अगो, मला कोनी सुई दिली आसती तर मी दोन घेतल्या आसत्या!

तू नर्स आहेस. तू साथ दिलीस तर माझं अर्धं काम होईल. हवं तेवढं रागाव, पण उत्तर टाक.

तुझीच,
मंजुळा

खेड,
२९ एप्रिल १९८६

चि. मंजुळास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र वाचलं, घडी घालून ठेवलं, परत उघडलं. रागावले आहेच. तुझ्या सासूबाई शहाण्या आहेत. मंजू, सुई घेणं हा काही कमीपणा नाही आणि न घेणं हा पराक्रम नाही. संघमित्राच्या वेळी तुला आत नेईपर्यंत तू माझा हात ओरबाडून काढला होतास, ते विसरलीस वाटतं! मी विसरले नाही.

पण तुझा हट्ट मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून माझं नीट ऐक. बाळंतपण महाडच्या दवाखान्यातच करायचं. घरी करून बघते म्हणालीस तर मी बोलणार नाही. डॉक्टरीणबाईंना तुझा विचार आधीच सांग, त्या दिवशी नको. आणि बाळाला किंवा तुला धोका आहे, अमुक करावं लागेल असं त्या म्हणाल्या, तर तिथे हट्ट संपला.

आता तयारी. भीतीने अंग आखडतं आणि आखडलं की जास्त दुखतं, हे मी रोज बघते. तेव्हा कळ आली की श्वास कोंडायचा नाही, लांब सोडायचा. जबडा सैल, खांदे सैल. कळा सुरू झाल्या की पडून राहू नकोस, चाल, भिंतीला टेक, ओणवी हो. कमरेच्या खाली कोणीतरी तळहाताने दाबलं तर बरं वाटतं. काशीरामांना शिकवून ठेव, नवऱ्याने एवढं करायलाच हवं. लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस.

जुलैत मी रजा टाकली आहे. त्या वेळी मी तुझ्याजवळ असेन, हे नक्की समज.

तुझ्या काळजीत असलेली,
सुंदराताई

बिरवाडी,
१५ जून १९८६

ती. सुंदराताईस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पाठ झालंय. डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, तपासून म्हणाल्या की सगळं ठीक आहे, बघू या. वर असंही म्हणाल्या की मन बदललं तर लाजू नका, सांगा.

हे कमर दाबायला शिकले, म्हणजे शिकत होते. पहिल्या दिवशी बोल्ट आवळावा तसे दाबत होते. सासूबाई म्हणाल्या, रे, बायको हाय ती, मशीन नाय! आणि स्वतः दाबून दाखवलं. तेव्हापासून ते काम त्यांच्याकडेच गेलं.

पोटऱ्यांत गोळे येतात, तेव्हा मी श्वासाचा सराव करते. विहारात भंते आले होते, त्यांनी सांगितलं होतं की आत येणारा श्वास बघायचा, बाहेर जाणारा बघायचा. त्यांनी काही बाळंतपणासाठी शिकवलं नव्हतं, पण गोळा उतरेपर्यंत मी ओरडत नाही एवढं खरं.

भीती वाटते, ताई. यांना सांगत नाही, तुला सांगते. पण भीती वाटते म्हणून विचार बदलावा असं वाटत नाही. तू लवकर ये. इकडे तुझी वाट बघणं हेही एक कामच झालंय.

मंजुळा

बिरवाडी,
१४ जुलै १९८६

ती. सुंदराताईस,
सप्रेम जयभीम.

मुलगी झाली! दोघी सुखरूप आहोत. तार मिळाली असेलच. कशेडीत दरड कोसळली आणि तुझी एसटी परत फिरली, हे तुझ्या निरोपावरून कळलं तेव्हा माझ्या कळा सुरू झाल्या होत्या. तू येत नाहीस म्हटल्यावर मी रडले. मग सासूबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, चल गो, मी हाय.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दोघी चालत राहिलो. कळ आली की मी खांबाला टेकायची आणि त्या माझ्या कमरेवर तळहात रोवून उभ्या राहायच्या. सुरुवातीला जमत होतं. दुपारनंतर जमेना. ताई, तुला खोटं सांगणार नाही, फार दुखलं. पाठ दुभंगते की काय असं वाटलं. श्वासबीस सगळं विसरले आणि मी ओरडले, मला सुई द्या. सिस्टर कमळाबाई लगेच आल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नक्की द्यायची ना? कोणी मला अडवलं नाही, ताई. माझ्या तोंडून निघून गेलं, ही कळ जाऊ दे, मग सांगते.

ती गेली. मग म्हटलं, ही पण जाऊ दे. त्यानंतर मला बोलवेना, तेव्हा सासूबाईच माझ्या वतीने सांगायला लागल्या, ही येक जाव दे, बाय. मध्येच कानाशी वाकून विचारायच्या, घ्यायची का गो? मी मान हलवून नाही म्हणायची. पुढे कमळाबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, आता सुईची वेळ गेली, बाळ आलंच.

आधी रडली, डोळे नंतर उघडले. मी स्वतः ऐकलं, स्वतः पाहिलं. ओली, गरम, माझ्या छातीवर. पराक्रम केला असं अजिबात वाटत नाही. माझं होतं ते मला मिळालं, एवढंच वाटतं.

दुसरीही मुलगीच म्हणून शेजारीण हळहळली, तर सासूबाईंनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि दारापर्यंत पोचवून आल्या. हे पोरीला हातात घ्यायला अजून घाबरतात.

तू नव्हतीस, हेच एक उणं. रस्ता मोकळा झाला की ये.

तुझीच,
मंजुळा

खेड,
१९ जुलै १९८६

चि. मंजुळास,
अनेक आशीर्वाद. बाळाला गोड पापा.

तुझं पत्र ड्यूटीवरच वाचलं, आणि वॉर्डातल्या बायका विचारू लागल्या की सिस्टर का रडताहेत. एक सांगू? मी तिथे असते तर तू पहिल्यांदा ओरडताच सुई भरून आणली असती. तुझं दुखणं मला बघवत नाही. डॉक्टरीणबाईंसारखं थांबून विचारणं मला जमलं नसतं. काल इथे एक पहिलटकरीण मुलगी कळा सोसत होती. तिच्याजवळ बसले आणि तिला विचारलं, तुला काय हवंय? तिने सुई मागितली, मी दिली. पण आधी विचारलं.

दरड अजून हललेली नाही. चौकशी केली तर कळलं की टपालाच्या थैल्या माणसं डोक्यावर घेऊन चिखलातून पलीकडे नेतात, तिथून पोलादपूरची गाडी मिळते. तुझं पत्रही तसंच आलं. थैली जाते तिथून मलाही जाता येईल. हे पत्र आजच्या थैलीतून पुढे पाठवते आणि उद्या सकाळी मी निघते. तुझ्या सासूबाईंना, बनुबाईंना, माझा जयभीम सांग आणि अंघोळीला पाणी तापवून ठेव, गुडघ्यापर्यंत माखून येणार आहे.

येतेच आहे,
सुंदराताई