वेशीपर्यंतच चालणारा कीबोर्ड

दर्यापूर,
सोमवार

चि. गजेंद्र यास भाऊजींचे आशीर्वाद.

इकडे सर्वांची प्रकृती बरी. तुझ्या ताईचा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो, म्हणजे तोही बरा. तुझी तब्येत उत्तम असावी. आजारी माणूस इतक्या चपळाईने फोन कापत नाही. अकोल्याचे ऊन उतरले असेल, तुझ्या संगणकाच्या दुकानात गिऱ्हाईक असेल (असल्यास मला त्या गिऱ्हाइकाची काळजी वाटते).

पत्र हाताने लिहितो आहे, कारण तू फोन उचलत नाहीस आणि तू जोडून दिलेल्या संगणकाचा कीबोर्ड चालत नाही. दामिनीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर शुक्रवारी अमरावतीच्या छापखान्यात पोचला पाहिजे. नाही पोचला तर पत्रिका आणि अक्षता एकाच दिवशी वाटाव्या लागतील. मजकूर मीच टाइप करणार. छापखान्यावर सोडला की ते त्यात दोन मोर आणि एक चारोळी घालतात, आणि जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाच्या मुलीच्या पत्रिकेत चारोळी जाणे मला मान्य नाही.

दोष असा. बटण दाबल्यावर आधी ती निळी पाटी उघडता येते, जिला तू बायोस म्हणतोस. तिथे कीबोर्ड वर, खाली, हवा तिथे पळतो. मग विंडोज उघडते आणि कीबोर्ड मरतो. माउसही मरतो. बाण पडद्याच्या मधोमध, सासरी पहिल्यांदा आलेल्या जावयासारखा, हलत नाही. म्हणजे वेशीवर पाहुण्याचे स्वागत होते, त्याला मांडवापर्यंत आणले जाते, आणि मांडवातले लोक विचारतात, हा कोण? वेशीवरचा म्हणतो, मी तर नीट पोचवला. मांडवातला म्हणतो, माझ्याकडे कोणी आलेच नाही. दोघेही खरे बोलतात आणि पाहुणा उपाशी राहतो. ही रचना ज्याने केली त्याने आपल्याकडची लग्ने जवळून पाहिली असावीत.

तुला फोन केला तेव्हा तूही हेच सांगितलेस, पण उर्मटपणे. "भाऊजी, बायोसमंदी चालते ना? मंग मशीन चोख आहे. तुमचं विंडोजच म्हातारं झालं." विंडोज म्हातारे आहे हे मला ठाऊक आहे. ते मीच तुझ्याकडून हट्टाने घालून घेतले, कारण माझा मराठी फॉन्ट त्याच्यावरच उमटतो. नव्यावर त्याचे नुसते चौकोन होतात. पण म्हातारा माणूस दाराशी आलेल्याला निदान विचारतो तरी. यावर मी तुझ्या मशीनला डबडे म्हणालो (ते वर्णन होते, शिवी नव्हती). त्यावर तू "मंग लग्नालेही दुसराच मामा पाहा" असे म्हणून फोन कापलास. दामिनीला मामा एकच आहे. मुलीला बोहल्यावर आणायला मामा लागतो आणि तिथे मेहुण्यापुढे माझे काही चालत नाही, हे तुला पक्के माहीत होते, म्हणूनच तू नेमके ते बोललास.

मग अमरावतीहून एक तज्ज्ञ आणला. त्याने निळ्या पाटीत शिरून यूएसबीसमोर जे जे बंद होते ते चालू केले आणि चालू होते ते बंद केले. त्यानंतर कीबोर्ड वेशीवरही मेला. मग त्याने आतली बटणाएवढी बॅटरी काढून पुन्हा बसवली, तेव्हा त्याने केलेले सगळे पुसले गेले आणि बिघाड पूर्ववत झाला. या कामाला त्याने दुरुस्ती हा शब्द वापरला. शेवटी नवे विंडोज टाकून घ्या म्हणाला. म्हणजे माझ्या मुलीच्या लग्नाला लोकांना चौकोनांनी बोलवायचे. मी त्याला बसमध्ये बसवून दिले. सगळा वेळ तो पडद्याकडे पाहत होता. खोक्याच्या मागे काय आहे हे पाहायला एकदाही वाकला नाही (पोट आड येत होते).

तुझी ताई अर्थातच तुझ्या बाजूने. "अवो, जरा गोड बोलला असता त आला असता तो." तिने मात्र त्या मशीनसाठी करायचे तेवढे केले. दसऱ्याला रीतसर पूजा केली: कुंकू, झेंडू, आपट्याची पाने. बैठकीत येणाऱ्याला खोक्याची पाठच दिसते, म्हणून पाठीवर 'शुभ लाभ'ची चकचकीत पट्टी चिकटवली, आणि आड येणाऱ्या वायरी उपसून शोभतील अशा निळ्या भोकांत खोचल्या. नेमका तेव्हापासून कीबोर्ड बिघडला. म्हणजे देवालाही तुझा माल पटलेला नाही.

तेव्हा येऊ नकोस. कीबोर्डासाठी तर मुळीच नको. घरातल्या लहानांना आशीर्वाद, दुकानाला सद्बुद्धी.

तुझा भाऊजी,
खुशालराव

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी एक घडले. लग्नघर म्हणून दारावर लावायला तुझ्या ताईने ती पट्टी सोलून काढली. खाली दोन काळी भोके निघाली. दामिनीने वायरी त्यांत खोचल्या. मांडवाने पाहुणा ओळखला. तुझ्या ताईला आता आठवते की मशीन बसवताना तू बजावून गेला होतास, "काळ्यातच राहू दे वो ताई, जुन्या विंडोजले निळं उमजत नाही." हे तू तिला सांगितलेस, मला नाही. दोष तुझाच.

ता. क. २ वरचा मजकूर बदलणार नाही. बरा जमला आहे.

ता. क. ३ दामिनी म्हणते, "मामा नाही त बोहला नाही, बाबा." पत्रिकेत 'मामा' या शब्दापुढे तुझे नाव टाइप केले आहे, एकट्याचे, मोठ्या अक्षरांत. खोडायची कळ चालते की नाही हे मी अजून तपासलेले नाही. तपासायला लावू नकोस.